एक जण कमी

आमच्या तालुक्यात पोर चालायला लागलं की कबड्डी खेळायला लागतं. अशा मुलखात माझ्या बाबांनी फुटबॉलचा क्लब काढला आणि म्हातारे होईपर्यंत चालवला. लोक हसायचे. वाडीतली एक आजी तर तोंडावर म्हणायची, "गुरुजी, लाथा मारायला गाढवं हायत की. पोरांना कशाला शिकवता?" बाबाही हसायचे आणि चेंडूत हवा भरत बसायचे.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. म्हसळ्याहून दिवेआगरकडे जाताना मध्येच आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाच्या खालच्या अंगाला, खाडीजवळ आमची बौद्धवाडी. वरच्या बाजूला कुणबीवाडी आणि मशिदीभोवती मोहल्ला. तिन्ही वस्त्यांतली मुलं बाबांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. मोहल्ल्यातले चाचा तेवढे मास्तर म्हणायचे.

क्लबाची कल्पना मुळात या चाचांची. मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांतले पुरुष बोटीवर नोकरीला असायचे, तसे चाचाही इंजिनरूममध्ये होते. एका हिवाळ्यात त्यांची बोट दुरुस्तीसाठी स्कॉटलंडमधल्या एका लहानशा बंदरात अडकून पडली. काम नाही, ओळख नाही, दुपारी तीनलाच अंधार पडायचा. पण दर शनिवारी सगळं गाव एका मैदानाकडे चालत जायचं. कुणीतरी चाचांनाही बरोबर नेलं. पावसात उभं राहून ते लोक आपल्या गावच्या अकरा जणांचा फुटबॉल बघत होते. मासळीवाला, गवंडी, बँकेतला माणूस, सगळे एका रांगेत.

"तुमाना सांगतो मास्तर," चाचा म्हणायचे, "गाव आपल्या म्हसळ्यापेक्षा मोठं न्हाय. मी होतो तवर एक मॅच जिंकले न्हायत. पण क्लब त्यांच्या आजाच्या बापापासूनचा. मी विचारलं, एवढे हरता तर बंद का करत न्हाय? तर हसायला लागले. म्हणाले, बंद कसा करायचा? मग शनिवारी जायचं कुठं?"

नोकरी सोडून चाचा घरी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक चामड्याचा फुटबॉल होता आणि त्या क्लबाचा एक जुना शर्ट, पिकल्या कोकमाच्या रंगाचा. ते दोन्ही घेऊन ते थेट शाळेत बाबांकडे आले.

खाडीला लागून गावाचं खाजण आहे. बांध घालून समुद्राचं पाणी अडवलेली जमीन. त्यातला एक तुकडा कित्येक वर्षं पडीकच होता. त्यावर मैदान आखलं. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पडलेली सुरूची खोडं बैलगाडीतून आणून गोलचे खांब उभे केले. आईनं अकरा बनियन तांब्याच्या हंड्यात उकळून कोकमी रंगात बुडवले. पहिल्याच मॅचला घामानं रंग सुटला आणि मुलांच्या मानांपासून पाठीपर्यंत लाल ओघळ उतरले. समोरच्या संघाला वाटलं, यांना रक्तच आलं. मी तेव्हा अगदी लहान होते. बांधावर बसून मुलांच्या चपला आणि घड्याळं सांभाळायची, एवढंच माझं काम. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो मैदानाच्या खालच्या टोकाला उभा असायचा, कारण मैदानाला उतार होता आणि चेंडू निम्म्या वेळा खाडीतच जायचा.

आम्ही फार जिंकलो असं नाही. एकदा मात्र पनवेलकडचा एक चांगला संघ आमच्याकडे खेळायला आला आणि हरून गेला. त्या संध्याकाळी चाचांच्या ओटीवर पंगत बसली. कुणबीवाडीतली मुलं पहिल्यांदाच मोहल्ल्यात जेवली, आणि तीही आमच्या वाडीतल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून. बाबा लहान होते तेव्हा त्यांना याच गावात पाणी वरून ओतलेलं प्यावं लागलं होतं. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत, मला आईनं सांगितलं. त्या पंगतीबद्दल मात्र ते आयुष्यभर बोलत राहिले. मिळालेला कप कुठल्या कपाटात आहे हे त्यांना आठवायचं नाही, पण कोण कुणाशेजारी बसलं होतं ते सगळं तोंडपाठ. म्हणून क्लब चालू राहायला हवा, असं त्यांना वाटायचं. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, बाबांना नुसतं वेड आहे.

दादा काही मोठा खेळाडू नव्हता. मागे उभा राहायचा, चेंडू आला की जोरात लांब मारायचा, आणि कुणी त्याच्या अंगावरून पुढे गेलं तर कमरेवर हात ठेवून हसायचा. बाबा चिडायचे, "हसतोस काय? पळ!" तो पळायचाही. त्याला खेळापेक्षा बाबांना खूश झालेलं बघायला आवडायचं.

पुढे मुलं गावातून जायला लागली. मोहल्ल्यातली दुबई, कतारला. आमच्या वाडीतली आणि कुणबीवाडीतली पनवेल, उरण, न्हावा शेव्याला. बंदर मोठं होत गेलं, कंटेनरची यार्डं वाढली, आणि बारावी झालेल्या कुणालाही तिथं काहीतरी काम मिळायला लागलं. दादालाही मिळालं. कंटेनर उचलणारं मशीन चालवायला तो शिकला. उरणला त्यानं खोली घेतली, लग्न केलं. वहिनी पेणची. तिचा आवाज खणखणीत आणि बोलणं सरळ. पहिल्यांदा घरी आली तेव्हाच तिनं आईला विचारलं, "तुमच्याकडे रविवारी घरात कुणीच नसतं का?"

रविवारी क्लबाचा सराव असायचा, आणि बाहेर गेलेल्यांपैकी ज्याला जमेल तो यायचा. सुरुवातीला एसटी भरून यायचे. मग चौघे, मग दोघे. शेवटी नेमानं येणारा एकटा दादा उरला. चाळिशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, त्याला एक मुलगी झाली होती. तरी मोटारसायकल काढून एवढ्या लांबून यायचा, तासभर खेळायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि परत जायचा.

चक्रीवादळ आलं त्या वर्षी दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आमच्याकडे घरांची कौलं गेली, सुरूचे खांब गेले, आणि खाजणाचा बांध एका जागी फुटून मैदानात खारं पाणी शिरलं. सगळ्यांना वाटलं, आता क्लब आपोआप मिटला. चाचासुद्धा म्हणाले, "मास्तर, अल्लानंच बंद केला. आता सोडा." बाबांनी ऐकलं नाही. पाऊस संपल्यावर उरलीसुरली पोरं घेऊन त्यांनी बांधाला दगड-माती घातली. दादा सुट्टी काढून आला आणि दोन दिवस चिखलात उभा राहिला. मैदान कसंबसं वाळलं, पण त्यावर खेळायला माणसं नव्हती.

जिल्ह्याच्या स्पर्धेत सात जण तरी उभे करावे लागतात. त्याहून कमी असले तर सामना सोडावा लागतो. आमच्यावर ती पाळी एकदा आली होती. पुन्हा आली तर यादीतून नाव काढून टाकू, असं स्पर्धा भरवणाऱ्यांनी बाबांना सांगितलं होतं.

त्या शनिवारी मी माहेरी आले होते. मी माणगावला असते, तिथल्या एका शाळेत शिकवते. संध्याकाळी बाबांनी दादाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे आम्ही सगळंच ऐकलं.

"उद्या मॅच आहे," बाबा म्हणाले. "सहाच जण झालेत."

"बाबा, माझी नाइट आहे. सकाळी सुटेन."

"सुटलास की निघ. मॅच चारची आहे. दुपारी इथं येऊन झोप थोडा."

"मागच्या रविवारी पण आलो होतो हो. हिची पण तब्येत बरी नाहीये."

"एकच जण कमी पडतोय रे. उद्या नाही उतरलो तर नाव जाईल. मग क्लब संपला."

आई भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "त्याला झोपू द्या हो. रातभर जागून येवढी गाडी मारत यायची काय गरज हाय?"

"आई काय म्हणतेय?" दादानं विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "येतोस ना?"

"येतो. आईला म्हणावं, ताजे बोंबील मिळाले तर घे."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी तो आला नाही. बाबांनी फोन केले, उचलले गेले नाहीत. गाडी चालवत असेल, असं ते म्हणाले. आईनं बोंबील तळून झाकून ठेवले. आम्ही मैदानावर गेलो. मी बाबांच्या शेजारी उभी होते. सहा मुलं कोकमी शर्ट घालून पाय मोकळे करत होती. समोरचा संघ टेम्पोतून आलेला, पुरे अकरा. पंच चांगला माणूस होता. म्हणाला, "गुरुजी, थोडं थांबू. येईल तो."

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. स्क्रीनवर दादाचं नाव होतं. बाबांचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरले नाही. त्यांनी फोन कानाला लावायच्या आधीच विचारलं, "कुठं पोचलास रे?"

स्पीकर चालूच होता. पलीकडून कुणीतरी अनोळखी माणूस म्हणाला, "तुम्ही यांचे कोण?"

उरणहून येताना माणगावच्या अलीकडे, जिथं महामार्गाचं काम चालू होतं, तिथं एक ट्रेलर बाजूला उभा होता. दादा मागून त्याच्यावर गेला. ब्रेक लावल्याची खूण रस्त्यावर नव्हती. झोप लागली असणार, असं पोलीस म्हणाले. ट्रेलरचा ड्रायव्हर दवाखान्याच्या दारातच बसून होता, उत्तरेकडचा कुणीतरी पोरगा. तो माझ्याकडे बघून हात जोडत राहिला. त्याची काही चूक नव्हती.

आम्हाला दवाखान्यात कुणी नेलं हे मला नंतर आठवून आठवून जुळवावं लागलं. समोरच्या संघानं आपला टेम्पो दिला होता. बाबांना दोघांनी धरून चढवलं. आमची सहा मुलं शर्ट न बदलता तशीच मागे बसली. दुसऱ्या दिवशी तीच मुलं दादाला खांदा द्यायला होती, तेव्हा मात्र पांढऱ्या कपड्यांत. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. चाचा काठी टेकत स्मशानापर्यंत आले आणि शेवटपर्यंत उभे राहिले, कुणी दिलेल्या खुर्चीवर बसले नाहीत.

वहिनी रडत नव्हती. सगळं आटोपल्यावर ती ओटीवर बाबांसमोर येऊन उभी राहिली. मांडीएवढी मुलगी तिच्या पदराला धरून होती.

"बाबा," ती म्हणाली, "रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तुम्हाला माहीत होतं."

बाबा म्हणाले, "हो."

"आईंनी नको म्हटलं होतं. ते पण मला कळलं."

"हो."

तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि आत गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती मुलीला घेऊन पेणला माहेरी गेली. निघताना आईच्या पाया पडली, मला मिठी मारली. बाबा दारातच उभे होते, त्यांच्या बाजूनं ती सरळ निघून गेली.

त्यानंतर क्लब बंद करायचा निर्णय कुणी घेतलाच नाही. मुलं एके दिवशी शर्ट धुऊन, घडी करून घरी आली. आईनं ते त्यांच्या हातातून घेतले आणि आत जाऊन ठेवले. बाबांशी ती महिनोन् महिने कामापुरतंच बोलायची. ताट वाढायची, औषध द्यायची, आणि मागच्या दारी जाऊन बसायची. एकदा मी तिला म्हटलं, "आई, बाबांशी बोल गं. ते आतून संपलेत."

"म्हायत हाय मला," ती म्हणाली. "पन तोंड उघडलं की ‘का बोलावलंत’ येवढंच येतं. मग काय बोलू? गप बसलेली बरी."

बाबांशी बोलायला फक्त चाचा यायचे. नव्वदीकडे झुकलेले, डोळ्यांनी अधू. दुपारचा नमाज झाला की नातसुनेचा हात धरून यायचे आणि ओटीवर बसायचे. एकदा मी चहा घेऊन बाहेर आले, तर चाचा म्हणत होते, "मास्तर, एक गोष्ट सांगायची हाय. सांगू का नको, ठरत न्हाय."

"सांगा."

"नातू कतारहून आलाय. त्यानं मोबाइलवर तो स्कॉटलंडचा क्लब शोधला. मला नाव धड आठवत नव्हतं, पण गावाच्या नावावरून मिळाला." चाचांनी काठी आडवी ठेवली. "तो कधीच बंद पडला, मास्तर. आपला सुरू झाला, त्याच्या थोड्याच वर्सांनी. पोरं मिळेनाशी झाली. मैदान विकलं. आता तिथं घरं हायत."

मला भीती वाटली, आता हे कोसळणार. ‘बंद कसा करायचा?’ या ज्या एका वाक्यावर त्यांनी एवढी वर्षं काढली, ते वाक्य खोटं निघालं होतं. खोटं म्हणजे, बोलणाऱ्यानं बोलताना खरंच मानलं असेल. पण त्याला पुढचं कुठून ठाऊक असणार?

"मग शनिवारी ती माणसं काय करतात?" बाबांनी विचारलं.

"काय करनार," चाचा म्हणाले. "बसत असतील घरी."

चाचांना रडू फुटलं. "मी तो बॉल आणलाच नसता तर बरं झालं असतं, मास्तर." बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही बॉल आणलात. फोन मी केला." वहिनी पेणला गेल्यानंतर त्या घरात कुणी ही गोष्ट मोठ्यानं बोललं ती तेव्हाच पहिल्यांदा. दाराआड आई उभी होती. तिनंही ऐकलं. संध्याकाळी तिनं बाबांना विचारलं, "पेजेत मीठ बरोबर हाय का?" एवढंच. पण विचारलं.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. पुढच्या पावसात डागडुजी केलेला बांध पुन्हा फुटला, आणि या वेळी कुणी तिकडे फिरकलं नाही. आता मैदानात भरतीचं पाणी येतं. तिवरं वाढली आहेत, बगळे बसतात. गावातल्या लहान मुलांना तिथं कधी काही होतं हे ठाऊक नाही, आणि त्यांना सांगावं असं मलाही वाटत नाही.

चाचांच्या नंतर एके दिवशी बाबा मला म्हणाले, "मला पेणला घेऊन चल." वहिनीनं दार उघडलं, आम्हाला बघून पदराला हात पुसले, मग आत या म्हणाली. ती आता एका पापड-कुरडयांच्या कारखान्यात कामाला जाते. हातांना पिठाचा वास येत होता. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले.

"मी बोलावलं म्हणून तो निघाला," ते म्हणाले. "त्याला यायचं नव्हतं. मला ते कळलं होतं, तरी बोलावलं. हे सांगायला आलो."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "सांगून काय होणार आहे, बाबा?"

"काही नाही."

"मला राग येतो. अजून येतो. राग गेला असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. पोरगी शाळेतून आली, तिनं बाबांना ओळखलं नाही. मी म्हटलं, "हे आजोबा." तिनं विचारलं, "कुठले?" बाबांनी गावाचं नाव सांगितलं. मग त्यांनी तिची वही बघायला मागितली आणि तिच्या बेरजेतली चूक दाखवली. ती त्यांच्या शेजारी सरकून बसली. वहिनी ते बघून पुन्हा आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

आता बाबा महिन्यातून एकदा पेणला जातात. नातीला गणित शिकवतात. वहिनी घरी असते, पण त्या खोलीत बसत नाही. मध्यंतरी एकदा निघताना तिनं बाबांच्या हातात कुरडयांचा पुडा दिला आणि "आईंना द्या" म्हणाली. आईनं तो पुडा कितीतरी दिवस फोडला नाही. मग एका दुपारी सगळ्या कुरडया तळल्या, वाडीत घरोघर वाटल्या, "सुनेनं दिल्यात" म्हणून सांगितलं, आणि स्वतः एकही खाल्ली नाही.

वहिनी अजून गावी आलेली नाही. आई दर सणाला विचारते, "या वर्साला येईल का गं ती?" मी सांगते, शाळेला सुट्टी नाही, किंवा कारखान्यात काम आहे. आई मान डोलावते. ओटीवर बसलेल्या बाबांना आता फारच कमी ऐकू येतं. तरी हे बोलणं चाललं की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतात.